नातवाची गाडी आणि माझी जावा



या ग्रुपवर जुन्या बेळगावच्या इतक्या सुंदर आठवणी येतात, त्या मी आजवर नुसत्या वाचत होतो. आज पहिल्यांदाच लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार आहे, तेव्हा चहाचा कप जवळ घेऊनच वाचा.

माझी ओळख एवढीच. वय ७४. १९७२ सालचा बी.कॉम., कर्नाटक विद्यापीठ, धारवाड. नंतर सगळी नोकरी बँकेत. निपाणी, चिकोडी, गोकाक, कारवार अशा बदल्या झाल्या आणि शेवटची काही वर्षं बेळगावातच कर्ज विभागात गेली. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि लेथवाले यांच्या कर्जाचे कागद बघण्यात ती संपली. त्यामुळे यंत्रं बाहेरून पुष्कळ बघितली. खरं इंजिनात हात घालणारा माणूस मी नव्हे. आयुष्यात एकदाच घातला होता, आणि शेवटी त्याच्यापाशीच येणार आहे.

झालं असं, की आमच्या नातवाने रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. पोरगं इंजिनिअर आहे, पगार चांगला, स्वतःच्या पैशाने घेतली, कुणी काही बोललं नाही. गाडी छान चालली. मग वॉरंटी संपली आणि साहेबांनी दोन्ही सायलेन्सर बदलून मोठ्या आवाजाचे बसवले. पाठोपाठ एअर फिल्टर काढून जास्त हवा ओढणारा घातला. आता आमच्या टिळकवाडीत तो पहिल्या रेल्वे गेटपाशी आला की घरात कळायचं. गॅस सोडला की मागून फट, फट, फटाक असा आवाज यायचा. आमची ही म्हणायची, "आला बघा, दिवाळी घेऊन आला."

सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं. तो आवाज मी ओळखत होतो.

एका रविवारी पोरगं जेवताना म्हणालं, की गाडी मध्येच अडखळते, चढावर दम टाकते आणि पायाला फार गरम लागते, म्हणून आता फ्युएल इंजेक्शनचा ट्यूनर बसवायचा आहे. माझा मुलगा भडकला. म्हणाला, "अण्णा, तुम्हीच त्याला लाडावून ठेवलंय. आधी पैसे घालून चांगली गाडी बिघडवायची, मग पैसे घालून ती दुरुस्त करायची. विकून टाकूया की!" पोरगं ताटावरून उठलं. मी मुलाला म्हटलं, "मला आठ दिवस दे. कर्ज मंजूर करण्याआधी मी इन्स्पेक्शन करायचो, तसं याचं करतो. मग काय ते ठरवूया."

आठ दिवसांचे पंधरा झाले. त्यात जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो. ज्यांची पोरंबाळं असल्या गाड्या फिरवतात, त्यांना उपयोगी पडेल.

आपल्या वेळच्या गाडीला कार्बोरेटर होता. हवा आत ओढली जायची आणि तिच्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर यायचं. पेट्रोल कमी-जास्त करायचं तर मेस्त्री जेट बदलायचा, सुई वर-खाली करायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हा बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्टर आला. हा इंजेक्टर म्हणजे बारीक नळ. तो एका वेळी सेकंदाचे काही हजारावे भाग एवढाच उघडतो. किती वेळ उघडायचा हे ईसीयू नावाची पेटी ठरवते. हवेचा दाब, हवेचं तापमान, गॅस किती पिळलाय आणि इंजिन किती फिरतंय हे तिला सेन्सरकडून कळतं. मग ती आपल्या पोटातल्या तक्त्यात बघते आणि नळ उघडते.

या तक्त्याला हे लोक 'मॅप' म्हणतात. मला तो लगेच समजला. बँकेत आमच्याकडे व्याजाचं रेडी रेकनर असायचं. रक्कम बघायची, दिवस बघायचे, जिथे दोन्ही मिळतात त्या चौकटीतला आकडा उचलायचा. मॅप अगदी तसाच आहे. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला गॅस किती पिळला ते, आणि चौकटीत पेट्रोलचा हिशेब.

आता कंपनीने हे रेकनर तिच्याच फिल्टरसाठी आणि तिच्याच सायलेन्सरसाठी बनवलेलं असतं. तुम्ही फिल्टर मोकळा केला, सायलेन्सर मोकळा केला, की हवा जास्त आत जाते आणि जास्त सहज बाहेर पडते. तक्ता मात्र जुनाच. व्याजाचा दर बदलला आणि कारकून जुनंच पुस्तक उघडून बसला तर जे होईल तेच इथे होतं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. याला 'लीन' म्हणतात. गाडी अडखळते, तापते, आणि गॅस सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

वजनात बघायचं तर शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. जोर काढायचा असतो तेव्हा पेट्रोल थोडं जास्त लागतं, म्हणजे १३ च्या आसपास. एक्झॉस्टच्या नळीत लॅम्डा सेन्सर असतो, तो जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघतो आणि ईसीयूला सांगतो. पण कंपनीचा साधा सेन्सर फक्त दोन गोष्टी नीट सांगू शकतो, पेट्रोल जास्त झालं की कमी झालं. किती, ते त्याला नीट सांगता येत नाही. सावकाश, एकसारख्या वेगात चालताना ईसीयू त्याचं ऐकून चूक सुधारून घेते. गॅस जोरात पिळला की त्याचं ऐकणं बंद, तेव्हा फक्त तक्ता. म्हणून पोराची गाडी गावात बरी चालायची आणि चढावर रुसायची.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाच्या जवळची. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याकडच्या उसाचंच ते बाळ. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. गाडी आधीच लीन असेल तर ती आणखी लीन होते.

तर उपाय काय? मला चार सांगण्यात आले.

पहिला, दोन-चार हजारांचा एक छोटा प्लग. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत तो लावायचा. तो ईसीयूला खोटं सांगतो, की हवा आहे त्यापेक्षा वीसेक अंशांनी थंड आहे. थंड हवा दाट, म्हणून ईसीयू पेट्रोल सहाएक टक्क्यांनी वाढवते. गाडीला गरज असो वा नसो, सगळीकडे सारखंच. वर सावकाश चालीत लॅम्डा सेन्सर ते वाढवलेलं पेट्रोल परत कापतो.

दुसरा, 'पिगीबॅक' बॉक्स. तो ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसतो. ईसीयूने सांगितलं इतका वेळ उघड, की हा त्यात आपले दोन टक्के, चार टक्के वाढवतो किंवा कमी करतो. कुठे किती, याचा स्वतःचा तक्ता त्याच्यात असतो. मूळ ईसीयूला हात लागत नाही. बॉक्स काढला की गाडी होती तशी. असे बॉक्स परदेशातून येतात, बंगळूरलाही बनतात.

तिसरा, 'फ्लॅश'. म्हणजे ईसीयूमधला कंपनीचा तक्ताच खोडून नवा लिहायचा. पेट्रोलच नव्हे, ठिणगीची वेळसुद्धा बदलता येते. काम नीट झालं तर हा उपाय जास्त पक्का. पण चुकलं तर मूळ प्रत जवळ हवी, आणि पुढे सर्व्हिसिंगला कुणी कंपनीचं नवं सॉफ्टवेअर भरलं तर केलेलं पुसलं जाऊ शकतं.

चौथा, अख्खी ईसीयूच वेगळी. ते शर्यतवाल्यांचं काम, आपण सोडून देऊया.

कागदावर चार पर्याय समजले तरी पेच सुटला नव्हता. कारण बॉक्स कुठला, यापेक्षा तो कोण बसवणार आणि आकडे कुठून आणणार, हा खरा प्रश्न होता. इथे माझी बँक कामाला आली.

पहिला माणूस गावातलाच. पोराला बघताच म्हणाला, "मॅप तयार आहे, दहा मिनिटांत टाकून देतो." मी विचारलं, "गाडी आता किती लीन आहे?" तो म्हणाला, "आवाजावरून कळतंय की." मी विचारलं, "टाकल्यावर नीट झालं हे कशावरून ठरवणार?" तर म्हणाला, "चालवून बघा, फरक जाणवेल." मी नमस्कार केला. ताळेबंद न बघता ज्याला कर्ज हवं असतं आणि ज्याला द्यायचं असतं, ते दोघे मी पुष्कळ बघितलेत.

दुसरा फोनवरचा. ई-मेलने फाइल पाठवणार, आपण आपली भरायची. दुसऱ्या कुठल्या तरी अशाच गाडीवर बसवलेली आहे म्हणाला. मी पोराला म्हटलं, "माझा चष्मा तू घाल बघू. आपण दोघे एकाच घरातले आहोत की." ते हसलं, पण त्याला पटलं.

तिसरा पुण्याचा. त्याने फोनवर आधी आम्हालाच विचारलं. फिल्टर कुठला, सायलेन्सर कुठले, आतली आवाज कमी करणारी नळी आहे की काढली, प्लग कधी बदलले, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स कधी बघितलं, पेट्रोल कुठलं भरता, जास्त कुठे चालवता. पोराने सांगितलं, बेळगावात आणि सुट्टीला आंबोली किंवा चोर्ल्याने गोव्यात. तो म्हणाला, "म्हणजे साडेसातशे मीटरवरून समुद्रापर्यंत. ठीक आहे, तेवढं दाबाचा सेन्सर सांभाळून घेतो. येताना काढलेले ओरिजिनल सायलेन्सर आणि फिल्टर बरोबर आणा." मी विचारलं, "ते कशाला?" तर म्हणाला, "काका, आधी मोजूया. कदाचित तुम्हाला ट्यूनर लागणारही नाही."

मी फोन ठेवला आणि घरात सांगितलं, माणूस सापडला. मागितलं त्यापेक्षा कमी कर्ज पुरेल असं सांगणारा गिऱ्हाईक मला नोकरीत फार थोड्या वेळा भेटला, आणि त्यातला एकही बुडाला नाही.

आता पुण्याला जायचं. पोरगं म्हणालं, शनिवारी पहाटे गाडी चालवत निघतो. साडेतीनशे किलोमीटर, हायवे चांगला. मी म्हटलं, चालवत न्यायची नाही, टेम्पोत घालायची. मुलगासुद्धा माझ्याकडे बघायला लागला. पोरगं चिडलं. "आबा, एवढं काय घाबरायलाय तुम्ही? रोज चालवतोय की मी!"

तेव्हा सांगावं लागलं. मंडळी, इथून पुढचं घरात आजवर कुणाला माहीत नव्हतं.

१९७७ साल. मी २६ वर्षांचा, नोकरी लागून काही वर्षं झालेली. आम्ही तेव्हा शहापुरात राहायचो. गल्लीतल्याच एका गृहस्थांकडून मी जुनी जावा घेतली. ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, किक तीच आणि गिअरचा दांडाही तोच. किक मारायची आणि तीच फिरवून गिअरला आणायची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायचं. तिलाही दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर होता.

तेव्हा आम्हा पोरांत एक खूळ होतं. सायलेन्सरच्या मागचा बोल्ट काढून आतलं बॅफल ओढून काढायचं, की आवाज असा घुमायचा की अख्ख्या गल्लीने बघावं. मी ते काढलं. कुणीतरी सांगितलं, एअर फिल्टरही काढ, गाडी पळते. तोही काढला. जेट मोठा घालायला हवा होता, हे मला कोण सांगणार? मला तर गाडी खरोखरच हलकी पळतेय असं वाटत होतं. गॅस सोडला की मागून फटफट वाजायचं, त्याचंही कौतुक.

मे महिन्यात मी आणि धाकटा भाऊ मामाकडे सावंतवाडीला गेलो. येताना मामाने आंब्यांची पेटी दिली, ती मागे बांधली. दाणोली सोडली आणि आंबोलीचा घाट सुरू झाला. दोन माणसं, पेटी, भर दुपार आणि चढ. मी गॅस पूर्ण पिळून ठेवलेला. अर्ध्या घाटात एकाएकी मागचं चाक जाम झालं. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जातं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की गाडी आडवी झाली, मी एकीकडे आणि भाऊ गाडीखाली. आंबे घाटातून खाली घरंगळत चालले होते.

मला खरचटलं. भावाचा घोटा मोडला.

तो २० वर्षांचा होता. रोज पहाटे कॅम्पपर्यंत पळत जायचा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीला उतरायचं हे त्याचं लहानपणापासूनचं ठरलेलं. हाड जुळलं, पण पाय जरा आखूड राहिला. वैद्यकीय तपासणीत तो बसला नाही. नंतर त्याने शहापुरात दुकान टाकलं, संसार केला, सगळं नीट झालं. पण शहरातून मराठाचे जवान पळत जाताना दिसले की तो दुकानाच्या फळीवरून उठून आत जायचा. ते मी बघितलंय.

आणि माझं खरं पाप पुढेच आहे. वडिलांनी विचारलं, गाडी अशी कशी जाम झाली? मी सांगितलं, "इंजिनच खराब होतं. आपल्याला फसवून विकली." वडील जाऊन त्या गृहस्थांशी भांडून आले. तो माणूस शपथ घेऊन सांगत होता, की गाडी चांगली होती. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं ते वडील जाईपर्यंत. मी फिल्टर आणि दोन्ही बॅफल माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवले, आणि पुढे कारवारला बदली झाली तेव्हा तिकडेच टाकून दिले. बँकेत जिचा हिशेब लागत नाही ती रक्कम सस्पेन्स खात्याला ठेवतात. मी ही नोंद ४८ वर्षं सस्पेन्सला ठेवली होती.

पोरगं सगळं ऐकून गप्प बसलं. त्याला धाकट्या आबांचा पाय लहानपणापासून तसाच आहे एवढंच माहीत होतं. शेवटी म्हणालं, "टेम्पो सांगतो." मुलगा काही बोलला नाही, पण शनिवारी तोही आमच्याबरोबर पुण्याला आला.

पुण्याचा तो मुलगा तिशीतला. मी त्याला जावाची गोष्ट न सांगता एवढंच विचारलं, की हे इंजिन लीन चालून जाम होऊ शकतं का? तो म्हणाला, "काका, तुमच्या मनात टू-स्ट्रोक आहे. यात ऑइल वेगळं फिरतं. तसं चटकन जाम होणार नाही. पण सतत तापत राहिलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनला ते बरं नाही." माझ्या भीतीतली निम्मी भीती तिथेच उतरली. ही गोष्ट मला आधीच कुणी सांगितली असती तर टेम्पोचं भाडं वाचलं असतं.

त्याने लगेच लॅपटॉप उघडला नाही. आधी गाडी सुरू करून एक्झॉस्टच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. डाव्या सांध्याला बुडबुडे आले. सायलेन्सर बदलताना तिथलं गॅस्केट नीट बसलं नव्हतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. फटाके वाजण्याचं एक कारण ते, आणि लॅम्डा सेन्सरलाही त्यामुळे खोटा ऑक्सिजन दिसत होता. काही शे रुपयांचं गॅस्केट बदललं आणि निम्मे फटाके तिथेच थांबले. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, आपण बेळगावात मॅप टाकून घेतला असता तर या भोकावरच टाकला असता की."

मग गाडी डायनोवर चढवली. मागचं चाक मोठ्या रोलरवर, गाडी पट्ट्यांनी बांधलेली. धुराच्या वाटेत वाइडबँड सेन्सर, जो किती कमी आणि किती जास्त ते आकड्यात सांगतो. तो मुलगा १४.७ च्या हिशेबाने न बघता लॅम्डाच्या हिशेबाने बघत होता, कारण इथेनॉलचं पेट्रोल असलं की तो १४.७ चा आकडा लागू होत नाही. लॅम्डा १ म्हणजे बरोबर जळण्याइतकं, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त, वर म्हणजे कमी. पूर्ण गॅसवर ०.८८ च्या जवळपास असायला हवं, तिथे पोराच्या गाडीचा आकडा ०.९८ दिसत होता.

नंतर ओरिजिनल सायलेन्सर बसवून पुन्हा मोजलं. फिल्टर मात्र नवाच ठेवला. आकडा बराच खाली आला. तरी मधल्या फेऱ्यांना, गॅस अर्ध्याच्या वर पिळला की, थोडी कमतरता उरत होती. जोराचा आलेख दोन्ही वेळचा एकावर एक ठेवून त्याने दाखवला. त्या महागड्या सायलेन्सरने मागच्या चाकावर एखाद-दीड घोड्याचाच फरक पडत होता, तोही अगदी वरच्या फेऱ्यांना, जिथे पोरगं कधी जातही नव्हतं.

तो म्हणाला, "आता तुम्ही ठरवा. मोठे सायलेन्सर ठेवायचे तर पूर्ण फ्लॅश करायला लागेल, खर्च जास्त. ओरिजिनल ठेवलेत तर एक साधा बॉक्स पुरेल. फिल्टरही जुना घातलात तर काहीच नको."

मी गप्प राहिलो. मुलगाही राहिला, हे विशेष. पोराने आलेख पुन्हा एकदा बघितला आणि म्हणालं, "ओरिजिनलच बसवा. बॉक्स घालूया, तेवढी चाल नीट होऊ दे."

बॉक्स अठरा हजारांचा. दुपारभर तो मुलगा एकेक चौकट भरत बसला. ईसीयू जिथे लॅम्डा सेन्सरचं ऐकते, त्या सावकाश चालीच्या चौकटी त्याने शून्य ठेवल्या. म्हणाला, तिथे कंपनीचंच राज्य राहू दे, आपण ढवळाढवळ केली तर ईसीयू उलट दुरुस्ती करत बसते. वरच्या चौकटींत कुठे दोन टक्के, कुठे पाच. प्रत्येक वेळी मोजायचं, मग पुढे. निघताना आधीचा आणि नंतरचा आलेख छापून दिला, मॅपची प्रत पेन ड्राइव्हवर दिली. मी न मागता दिली. अशा माणसाला मी तारण न घेता कर्ज दिलं असतं.

येताना पोरगं गाडी चालवत आलं. आम्ही मागून कारने.

घरी आल्यावर मी दोन कामं केली. विमा कंपनीला बॉक्सबद्दल आणि फिल्टरबद्दल पत्र देऊन पोच घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, हे पोरांना ठाऊक नसतं. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो पेपरात येतात तेव्हा ती हसतात. अपघातानंतर दावा नाकारला गेला की मग हसत नाहीत. असे दावे मी टेबलाच्या पलीकडून बघितलेत.

दुसरं काम अवघड होतं. शहापुरात भावाकडे गेलो. दुकान आता पुतण्या बघतो, भाऊ मागे खुर्ची टाकून बसलेला असतो. मी त्याला सगळं सांगितलं. फिल्टर मी काढला होता, बॅफल मी काढले होते, गाडी चांगली होती, वडिलांना मी खोटं सांगितलं.

तो शांतपणे सुपारी कातरत होता. म्हणाला, "दादा, फिल्टर तुझ्या ट्रंकेत होता की. मी तेव्हाच बघितला होता. प्लॅस्टरचा पाय घेऊन घरात पडून होतो, दुसरं काम काय होतं मला?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "बोललो असतो तर बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं असतं. त्या काकांशी टाकलं ते बरं, असं वाटलं तेव्हा. आता वाटतं ते काही बरं नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्यांचा मुलगा अजून त्याच घरात आहे. जाऊया का एकदा?"

गेलो. दोघेही गेलो. त्या घरात काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, ते आमच्यात राहू दे. चहा मिळाला, एवढं सांगतो.

गेल्या महिन्यात पोरगं गाडी घेऊन शहापुरात गेलं होतं, भाऊ दारात उभा होता. त्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "आता आवाज बरा आहे रे. मला जरा कॅम्पपर्यंत फिरवून आण." ६८ वर्षांचा माणूस, एक पाय आखूड, पोराने हात धरून मागे बसवलं. मला हे पोराने रात्री सांगितलं. कॅम्पात मराठा सेंटरच्या रस्त्यावर धाकट्या आबांनी गाडी थांबवायला सांगितली, पाच मिनिटं बसून राहिले आणि मग म्हणाले, चल आता.

मंडळी, तुमच्या घरात कुणी असली गाडी बदलायला निघालं असेल तर त्याला ओरडू नका. त्याच्याबरोबर जा आणि ट्यूनरला चार गोष्टी विचारा. आधी मोजणार का? सांधे गळतात का ते बघणार का? आधीचा आणि नंतरचा आलेख लेखी देणार का? आणि नको झालं तर गाडी होती तशी करून देता येईल का? यातल्या एकालाही जो "लागत नाही हो" म्हणेल, त्याला नमस्कार करून उठा.

आणि कुणाकडे त्या काळातल्या जावाचे किंवा येझदीचे फोटो असतील तर खाली कमेंटमध्ये जरूर टाका. माझ्याकडे माझ्या जावाचा एकही नाही. तेव्हा ठेवावासा वाटला नव्हता, आता वाटतो.